माझा वास येतो का गं?

वैशाखातल्या पहाटेच्या करड्या उजेडात ओल्या फडक्यातून मोगरा मोकळा करावा आणि सारं घर क्षणभर श्वास रोखून उभं राहावं, तशा माझ्या सासूबाई घरात वावरत. मखमलाबादच्या फुलमळ्यात त्यांचं बालपण गेलेलं. लग्न होऊन इंदिरानगरच्या घरात आल्यावरही माहेरून आलेली फुलांची टोपली उघडताना त्यांच्या पापण्या आपसूक मिटत, ओंजळ नाकाशी जाई आणि सुरकुत्यांआडून एखादी परकरी पोर डोकावून जाई.

हे गंधाचं वैभव एका दिवसात लुटलं गेलं नाही. भिंतीवरच्या हिवाळी उन्हासारखं ते कळू न देता सरकत गेलं. एकदा गॅसवर दूध करपून काळं झालं, आणि त्या शेजारीच बसून शांतपणे मटार सोलत होत्या. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पुढच्या मोसमात मात्र मोगऱ्याची ओंजळ नाकाशी धरून त्या बराच वेळ बसल्या. खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि फुलं देवापुढच्या तबकात ठेवून दिली.

"वयाबरोबर नाकही थकतं, आजी," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना चष्मा असतो, तसं याला काही नाही."

फुलांचं दुःख होतंच. पण खरं दुःख निराळंच निघालं. सिन्नरला एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला. मांडवात होमाचा धूर कोंडला होता, त्यामुळेही लावला असेल; पण सासूबाई हळूच उठल्या आणि मागच्या रिकाम्या रांगेत जाऊन बसल्या. परतताना गाडीत खिडकीला चिकटून, अंग चोरून बसल्या. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "वैशाली, माझा वास येतो का गं?"

"नाही हो, आई. भलतंच काय?"

"तुम्ही कशाला सांगाल? मला तर माझं काईच कळत नाय."

त्या दिवसापासून स्वतःचाच देह त्यांना एखाद्या अनोळखी, अविश्वासू सोबत्यासारखा वाटू लागला. नाशिकच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही त्या दोनदा आंघोळ करत, मानेवर पावडरीचे पांढरे थर देत. पाहुणे आले की बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसत. कितीही बोलावलं तरी एकच उत्तर, "हितंच बरी हाय मी." जिच्या पावलांनी घर दरवळायचं, ती बाई घरातल्या घरात एकेक खोली मागे सरत होती.

एका सकाळी मला राहवलं नाही. त्या केस वाळवत उन्हात बसल्या होत्या. मी वाकले आणि त्यांच्या मानेच्या खळगीत चेहरा टेकवला. त्या आकसल्या, मग श्वास धरून थांबल्या, निकाल ऐकायला थांबावं तशा.

"शिकेकाईचा येतोय," मी म्हणाले. "आणि उन्हात वाळलेल्या सुती पातळाचा."

"खरं सांग."

"खरंच."

मग तो आमचा नित्यक्रम झाला. स्नानानंतर त्या माझ्यापुढे मान लववून उभ्या राहत आणि मी त्यांना सांगे, आज त्या कशा आहेत. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कधी एकमेकींना कवटाळलं नव्हतं. त्या क्षीण मानेपाशी मात्र सासू-सुनेचं सारं अंतर निमूट विरून गेलं. त्या पुन्हा चारचौघांत येऊन बसू लागल्या.

शेवटच्या आजारात त्या अंथरुणाला खिळल्या. खोलीत औषधांचा, घामाचा, झिजत चाललेल्या देहाचा आंबूस दर्प भरून राहिला. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी वाकले, नेहमीइतकीच थांबले आणि म्हणाले, "शिकेकाईचा, आई." बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं." त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही.

त्यांचं एक जांभळं पातळ मी न धुता कपाटात ठेवलं आहे. सुरुवातीला दार उघडलं की त्या समोर येऊन उभ्या राहत. यंदा थंडीत मी ते बाहेर काढलं, उराशी धरलं, खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. हाती लागला तो नुसता कापडाचा गार स्पर्श. आता माझेही केस पिकले आहेत, नाकही थकलं असेल; तेव्हा सासूबाई पातळातून निघून गेल्या की माझ्यातून, हे मला कळत नाही, आणि पातळ दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन विचारायचा धीर होत नाही.