दुसरीच बोट आली

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. जाड बांबू आणि काथ्याची विणलेली झोळी, एवढाच माझा जीव. पूर्णगडाजवळच्या एका वाडीतल्या शिवा सुताराने मला एकोणीसशे पंचवीसच्या सुमारास बांधलं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. अडलेल्या बायका, तापाने फणफणलेली माणसं मी कातळाचा सडा उतरून खाली नेली. म्हातारी येसूबाई म्हणायची, "ही डोली हाडाला लागत नाय." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पुढे वाडीतली गोदा आजारी पडली. पोटात गाठ होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावलं, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, उशीर नको. तिचा नवरा केरू मुंबईत गोदीत कामाला होता. तो तिकडे धक्क्यावर येणार होता. तिचा भाऊ सखाराम याने आगबोटीची तिकिटं काढली.

त्या मार्गावर दोन बोटी चालायच्या. धाकटीच्या कुशीला पाण्यालगत दरवाजा होता. किनाऱ्यावरून बोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या पडावातून मला सरळ आत सरकवता आलं असतं. थोरली उंच, तिच्यावर लोंबत्या शिडीनेच चढावं लागे. म्हणून सखाराम बंदरावरच्या कारकुनाकडे गेला.

"रावसाहेब, उद्या कंची बोट येनार?"

"ते मुंबईची कचेरी ठरवते."

"इचारून बगा ना. माजी बहीण उटत नाय."

"धाकटीच येईल," कारकून म्हणाला आणि कामाला लागला.

नाटे गावच्या एका खलाशानेही धाकटी दक्षिणेकडे जाताना पाहिली होती. म्हणजे परतताना तीच येणार, असं सगळ्यांनी धरलं. गोदाने त्या आनंदात वेणी घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पडावातून खोल पाण्यात गेलो. धुराखालून एक उंच काळं धूड पुढे आलं. पडाव हाकणारा तांडेल भिकाजी हळूच म्हणाला, "सखाराम, ही थोरली."

तरी डोली वाहणाऱ्या चौघांनी मला गोदासकट उचललं. लाटेने पडाव खाली गेला, माझा बांबू बोटीवर आपटला आणि गोदा कळवळली. वरून दोर सोडा म्हणून सखारामने हात जोडले. वरच्या माणसाने नकाराची मान हलवली. सखाराम तिला पाठीवर घ्यायला वाकला.

"दादा, नको," गोदा म्हणाली. "मला घरी ने."

बोट भोंगा देऊन निघून गेली.

पुढच्या बोटीपर्यंत गोदा जगली नाही. केरू आला तो थेट गोठ्यात, मला टांगलं होतं तिथे. माझ्या झोळीत हात घालून तो कितीतरी वेळ बसला. त्यानंतर मला कुणी खांद्यावर घेतलं नाही. लोक मला अपशकुनी म्हणतात. माझ्या बांबूला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, मला पुन्हा बांधा असं मी म्हणत नाही. पण आजाऱ्याच्या घरचं कुणी तुमच्याकडे विचारायला आलं, तर नीट चौकशी करून द्या. ठाऊक नसेल तर तसं सांगा. तुमच्या एका शब्दावर लोक आपलं माणूस उचलून समुद्रात उतरतात.