भीतीवर ऐंशी टक्के सूट

“माणसाले भेव दाखवणं ही कला आहे, अन् वैनगंगेच्या दोन्ही काठांवर ती आता एकाच माणसाले येते,” असं म्हणून हरिदासांनी माऊसला बोट लावलं. काळा पडदा एकदम उजळला आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा तो एकमेव माणूस खुर्चीसकट हातभर मागे सरकला.

“काही नाई, मामाजी. सेल चालू झाला,” त्यांची सून मयुरी म्हणाली.

पडद्यावर कॉम्प्युटरच्या खेळांचं दुकान उघडलं होतं. दिवाळीनिमित्त सगळा माल स्वस्त. मयुरी याच कॉम्प्युटरवर नाटक कंपन्यांची पोस्टरं करायची आणि दर सेलला दुकानातून एखाददुसरा खेळ घेऊन ठेवायची. घेतलेला खेळ ती सहसा उघडत नसे. तिची सासूही कपाटात स्टीलचे डबे असेच रचून ठेवी, त्यामुळे घरात या विषयावर कोणी बोलत नसे.

हरिदास झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं खलनायक होते. माईक बंद पडला तरी त्यांचं हसू मंडपातल्या शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायचं. ब्रह्मपुरीच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना न मागता कोथिंबीर द्यायच्या, आणि ती काही प्रेमानं नव्हे. मागच्या हंगामात मात्र सावली गावच्या प्रयोगात ते कुऱ्हाड उगारून आले, पोट हलेपर्यंत हसले, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेंगदाण्यांची पुडी वर केली.

“घे भाऊ, दमला असशीन.”

सगळा मंडप हसला. पडद्याआड उभे असलेले कंपनीचे मालक देवराव तेवढे हसले नाहीत. हरिदासांना लागलं ते हे.

यंदा खलनायकाचं काम निकेश नावाच्या गडचिरोलीच्या पोराला, आणि हरिदासांना नायिकेचा बाप, अशी कुणकुण नाटक कंपन्यांचं ठाणं असलेल्या वडशाहून आली होती. हा बाप पहिल्या अंकात खोकत येतो आणि त्याच अंकात जातो. पक्कं काय ते सांगायला देवराव आज दुपारी स्वतः येणार होते. जेवताना हरिदासांच्या हातातला घास दोनदा ताटात परत गेला होता. बायको शेतावर धान कापायला गेली, तसे ते सुनेच्या खोलीत येऊन बसले होते.

“लोकं आजकाल कायले भेतात, ते मले पाहाचं आहे,” ते म्हणाले.

मयुरीनं भुताखेतांचा कप्पा उघडला. एका खेळाखाली लोकांनी अभिप्राय लिहिले होते. तिनं मराठी करून वाचून दाखवले. एकजण दोन दिवस झोपला नव्हता. जरूर घ्या, असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्यानं हेडफोन फेकून दिला होता आणि पाच मित्रांना हा खेळ भेट दिला होता. हरिदास हेवा लपवत ऐकत राहिले. तीस वर्षांत त्यांच्याबद्दल असं कोणी लिहिलं नव्हतं.

“ऐंशी टक्के सूट आहे, मामाजी. दोन प्लेट तर्री-पोह्यात येते.”

“भेव येवढं सस्तं झालं?”

“संध्याकाळपर्यंतच. अन् दोन घंट्यांच्या आत वापस करता येते.”

“भेव वापस करता येते?”

“खेळ वापस करता येते. पैसे परत भेटतात.”

“मंग भेव?”

याबद्दल दुकानानं काही कळवलेलं नव्हतं. मयुरीनं खेळ विकत घेतला, खिडकी लावली आणि सासऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. त्याचा माईक त्यांच्या मिशीपाशी आला. माईक पाहून हरिदास सवयीनं ताठ बसले.

एक ओसाड घर होतं. लांब बोळ, दोन्हीकडे दारं. किल्ली शोधून बाहेर पडायचं, एवढंच काम. घरात एक आंधळी बाई काठी टेकत फिरत होती. ती दिसायच्या आधी काठी ऐकू यायची. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग जरा जवळून, टक्.

“कोण आहे तिथी?” हरिदास गरजले.

काठी थांबली. मग ती भराभर वाजू लागली आणि पडदा त्या बाईच्या तोंडानं भरून गेला. तिला डोळ्यांच्या जागी नुसती कातडी होती.

हरिदासांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

“बोलू नका ना, मामाजी. तिले दिसत नाई. या माईकातून तुमचा आवाज तिले ऐकू जाते.”

“माहा आवाज? माहा सोताचा?”

“हाव. इथून.”

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दार करकरलं आणि त्यांच्या तोंडून “अबे!” निघालं. ती आली. तिसऱ्या वेळी ते रामाचं नाव घेत होते, तरी आली. जो आवाज घडवायला त्यांनी अर्धं आयुष्य नदीकाठी ओरडण्यात घालवलं होतं, त्यानंच त्यांना चौथ्या वेळीही मारलं. तेव्हा त्यांनी डावा पंजा तोंडावर दाबून धरला.

आणि ती आली नाही.

म्हणजे आली, पण शेजारून गेली. अगदी शेजारून. तिचा श्वास आधी त्यांच्या उजव्या कानात होता, मग मानेमागे गेला आणि तिथंच राहिला. काहीच झालं नाही. ते काहीच न होणं इतका वेळ चाललं, की हरिदासांच्या पंजाखालून घाम ओघळला. ती ओरडत नव्हती. हसत नव्हती. नुसती ऐकत होती.

बाहेर मोटरसायकल थांबली.

“देवरावभाऊ आले,” मयुरी कुजबुजली. तीही आता कुजबुजतच होती. “तुम्ही चला, मी चहा मांडतो.”

ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली. हरिदासांनी हेडफोन दोन्ही हातांनी, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा टेबलावर ठेवला आणि पावलांचा आवाज न करता ते घरापुढच्या छपरीत आले. दार त्यांनी अर्धंच लोटलं. खेळ बंद करायचा राहिला आहे, माईक चालू आहे, हे त्यांना देवरावांसमोर बसल्यावर सुचलं.

देवराव त्याच दाराकडे पाठ करून बसले होते. तसे ते भित्र्यातले नव्हते. मागच्या पावसाळ्यात रस्त्यात वाघ बसलेला दिसला, तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला होता.

“हरिदासभाऊ, तुमच्यापासून काय लपवाचं,” देवराव बुटांकडे पाहत म्हणाले. “निकेश मले दोनदा येऊन भेटला. पोरगं उंचपुरं आहे. मी त्याले अजून हाव म्हणलं नाई. पण लोकं हसले ना भाऊ, सावलीले.”

हरिदासांनी मान हलवली.

“बोला ना काही. तुमी तर चिडान असं वाटलं होतं मले.”

हरिदासांनी पुन्हा मान हलवली.

“बरं, एक काम करा. तुमची ते एंट्री दाखवा एक डाव. ते हसणं. दम वाटला तर निकेशले मी नाई म्हणतो. आता इथीच.”

हरिदास उभे राहिले. छाती भरली, तोंड उघडलं. एवढ्या वर्षांचं हसू गळ्यापर्यंत आलं. आणि देवरावांच्या पाठीमागून, अर्ध्या दारातून, काठी वाजली. टक्. खरंच वाजली की नुसती आठवली, हे त्यांना ठरवता आलं नाही.

त्यांनी तोंड मिटलं.

अंगणात ऊन होतं. कोंबड्या उकरत होत्या. हरिदास जागचे हलले नाहीत. त्यांची नजर देवरावांच्या खांद्यावरून मागे, त्या काळ्या फटीत गेली आणि तिथंच थांबली. तोंडावरचं रक्त कुठे गेलं कोण जाणे. डावा हात आपोआप वर आला आणि तोंडावर बसला.

“झालं काय?” देवराव म्हणाले. मग खालच्या आवाजात, “भाऊ?”

हरिदासांनी उजव्या हाताचं एक बोट उचललं. बोलू नको.

देवराव बोलले नाहीत. खुर्चीच्या दांड्यांवर त्यांची बोटं आवळली. त्यांना मान वळवायची होती आणि वळवायची नव्हती. ती अर्धीच वळली आणि तशीच राहिली. कानशिलावरची शीर तेवढी उडत होती. अंगणातली एक कोंबडी उगाच फडफडली, तसे ते उठले, खुर्ची उचलून त्यांनी भिंतीला लावली आणि पाठ टेकून पुन्हा बसले. आता त्यांना ते दार समोर दिसत होतं. दारात कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी घसा साफ केला, पण हळूच.

“हसू नका,” ते म्हणाले. “यंदा हसू नकाच. हेच करा. मंडपात असंच उभं राहा अन् लोकायच्या मागं पाहा.” त्यांनी खिशातून रुमाल काढून मानेमागं फिरवला. “निकेशले मी सांगतो. नायिकेच्या बापाचं काम देतो त्याले. दाढी लावू.”

चहासाठी ते थांबले नाहीत. मोटरसायकल सुरू करण्याआधी त्यांनी मागच्या सीटवर हात फिरवून पाहिला.

मयुरी ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा छपरीत एकटे हरिदास होते, अजून उभे, पाठ भिंतीला चिकटलेली.

“काय म्हणाले, मामाजी? गेलं का काम?”

हरिदासांनी मानेनंच नाही म्हटलं. मग बोटानं स्वतःची छाती दाखवली.

“तुमालेच? खलनायकच?” तिचा ट्रे हलला. “मंग हसा ना! गावाले ऐकू जाऊ द्या!”

त्यांनी झटक्यात तिच्याकडे हात केला, गप्प राहा म्हणून. मग भिंत न सोडता ते अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या संडासापर्यंतचं ऊन नजरेनं मोजत राहिले. सुनेशी या विषयावर ते आजवर कधी बोलले नव्हते.

“बेटा,” ते अखेर कुजबुजले, “तिथवर येशीन का माह्यासंगं? दूर उभी राय. पण राय.”