सातचा शून्यावा घात

आल्बर्ट सर आगाशीकडच्या एका शाळेत बारा वर्षं बीजगणित शिकवत होते. घातांकाचे नियम त्यांना झोपेतही म्हणता आले असते. त्यांची बायको क्लेमेंटीन आठवीतून शाळा सुटलेली. पस्तिशीला आल्यावर, १९७९ साली, तिने एसएससीचा फॉर्म बाहेरून भरला.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघं पडवीत बसली होती. क्लेमेंटीन बाजारासाठी केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होती, सर तोंडी प्रश्न विचारत होते. सातचा शून्यावा घात किती? ती म्हणाली, शून्य. सरांनी सांगितलं, एक. का, असं तिने विचारलं.

"नियम आहे. पाठ कर."

तिने जुडी बाजूला ठेवून वही ओढली. सातचा तिसरा घात तीनशे त्रेचाळीस, दुसरा एकोणपन्नास, पहिला सात. आकड्यांकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "एकेक पायरी उतरताना सातने भागायचं. मग सातला सातने भागलं की एकच येणार. दुसरं काही येईलच कसं?"

सरांनी वही हातात घेतली. भागाकाराचा नियम पुस्तकात एका पानावर होता, शून्य घाताचा पुढच्या. बारा वर्षं ते नुसतं पान उलटत आले होते.

आणि मग त्यांना सत्यवती आठवली. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात तिने हेच विचारलं होतं. उलट बोलते म्हणून त्यांनी तिला तासभर बाकावर उभं केलं होतं. त्या वर्षानंतर ती शाळेत आलीच नाही.

न जेवताच त्यांनी सायकल काढली. सत्यवती बाजारात आईशेजारी भाजी घेऊन बसली होती. गिऱ्हाइकांच्या गर्दीतच सरांनी तिला सगळं समजावलं, माझं चुकलं असंही म्हणाले.

"सर, ते मला त्याच दिवशी कळलं. बाकावरून फळा नीट दिसत होता, त्यावर दोनचे घात होते. आठ, चार, दोन, मग एक."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही परत विचारलंच नाही."

भाजीच्या रिकाम्या टोपलीशेजारी सर खालीच टेकले. मग त्यांनी तिच्या आईला विचारलं, क्लेमेंटीनबरोबर हिनेही परीक्षेला बसावं का. शिकवायला मी आहे.

आईने तागडी खाली ठेवली.

"येईल ती. पन बाकावर उभं नाय करायचं."

सरांनी मान हलवली. वर बघायचं त्यांना धाडस झालं नाही.