शिकंजा

चौथी चाकी काही केल्या फिरेना. सुमंगलेनं ओढणीचं टोक गुंडाळून जोर लावला तेव्हा ती करकरत सैल झाली आणि रॅकेट वाकू नये म्हणून आवळून ठेवायच्या शिकंज्याच्या दोन लाकडी चौकटी सुटल्या. मधली नवी रॅकेट तिनं उचलली. उचलली आणि हातातच राहिली. वरच्या गोलाईत, चौकटीच्या कडा जिथं टेकल्या होत्या तिथं, काळ्या रंगाखाली केसाएवढी चीर गेली होती. बोटानं दाबलं तर तेवढा भाग आत जात होता. जाळी सैल पडली होती.

साडेआठ वाजले होते. साडेनऊची परभणीची एस.टी. आणि साडेअकराला फायनल.

जिल्ह्यातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या या बॅडमिंटन स्पर्धेत गेल्या वर्षी ती परभणीच्या विमलकडून हरली होती. यंदा जिंकणारी औरंगाबादला जाणार होती. आणि दिवाळीनंतर सुमंगलेचं लग्न होतं. राणीसावरगावचं सासर चांगलं होतं, पण तिथं सुनेच्या हातात कुणी रॅकेट खपवून घेईल, असं स्वप्नातही वाटण्यासारखं नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

ही रॅकेट मावसभावानं मस्कतहून आणलेली. कार्बनची, वजनाला काहीच नाही, पण दांडी अशी ताठ की वाकायचं नाव नाही. पहिला महिनाभर सुमंगलेचं प्रत्येक फूल अर्ध्या कोर्टात पडत होतं. कोपर असं धरलं होतं की फळ्यावर लिहिता येईना. जिंतूरच्या क्लबातले माणिकराव रोज हसायचे. "हिला लाड चालत न्हाईत, बाई. खांदा नगं, मनगट. अन् तेबी अगदी ऐनवेळी." तीन महिने तिनं तेच केलं. गेल्या आठवड्यात एकदा फूल मागच्या रेषेवर जाऊन पडलं, तेव्हा तिनं स्वतःच टाळी वाजवली होती.

या तीन महिन्यांत अप्पांनी मात्र नव्या रॅकेटला बोट लावलं नव्हतं. अप्पा म्हणजे तिचे वडील अप्पाराव, तहसीलचे निवृत्त हेडक्लार्क. निजामाच्या वेळेला साहेबांच्या क्लबात हा खेळ शिकलेले. त्यांनीच तिला आपल्या लाकडी रॅकेटवर खेळायला शिकवलं होतं. ती रॅकेट रोज पुसून शिकंज्यात आवळून ठेवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. मस्कतची आली त्या दिवशी ते नुसतं "बरं," म्हणाले होते. तो "बरं" सुमंगलेला आता आठवला आणि मनात जे आलं त्यानं तिला स्वतःचीच भीती वाटली. बाप असं करील?

देवघरातून अप्पा बाहेर आले. तिनं झटकन रॅकेट कव्हरमध्ये घालून चेन ओढली.

"काढलीस का? वाकली न्हाई ना?"

"तुमी ठेवली यात?"

"मग कोण? तू चार दिवस मतदारयाद्या करायला बोरीला गेलीस, अन् ही खुंटीला उघडी. पावसाळी हवा लय वाईट. रोज चाक्यांना एक फेरा देत गेलो. शेवटचा पक्कडीनं दिला." अप्पांचा चेहरा उजळला होता. "एकदम आवळायचं नसतं. लाकूड रुसतं."

ही लाकडाची नाही, हे वाक्य तिच्या जिभेवर येऊन तिथंच थांबलं.

"अन् तुमची?"

"माझी कोनाड्यात हाय. शिकंजा एकच की. आता तिच्यानं कोण खेळायलंय?" मग टोपी शोधत ते म्हणाले, "मी बी येतो आज. बघू तरी, तुझी मस्कतवाली काय करती."

आजवर ते एकाही सामन्याला आले नव्हते. सुमंगलेला हसावं की रडावं कळेना. तिनं कोनाड्यातली लाकडी रॅकेट काढली. चार दिवसांत ती किंचित मुरडली होती.

"दोन कशाला?"

"असू द्या जवळ."

परभणीच्या हॉलमध्ये तिनं लाकडी रॅकेट हातात घेतली तेव्हा अप्पा बाकावरून अर्धे उठले. दुसऱ्या कुणाची मागावी, तर त्यांच्यासमोर कारण सांगावं लागलं असतं. पहिला गेम विमलनं अकरा-तीननं घेतला. सुमंगलेच्या कानात नुसतं घूं होत होतं, अंपायरचे आकडेही ऐकू येत नव्हते. दुसऱ्या गेममध्ये एक उंच फूल आलं, ती मागं सरकली, मनगट आपोआप फिरलं आणि फूल थेट मागच्या रेषेवर पडलं. ती थक्क होऊन हातातल्या लाकडाकडे बघत राहिली. या रॅकेटनं तिला इतकं लांब कधीच मारता आलं नव्हतं. तो गेम तिनं घेतला. तिसऱ्यात मात्र नेटजवळची फुलं मुरडलेल्या जाळीवरून भलतीकडे जाऊ लागली. आठ-अकरा. विमलनं हात मिळवला आणि पाणी प्यायला निघून गेली.

परतीच्या एस.टी.त अप्पा खिडकीशी बसले. दोन्ही रॅकेटी त्यांच्या मांडीवर होत्या.

"नवी का न्हाई काढलीस?"

"हातात बसेना अजून."

"माझीच घेतलीस," ते म्हणाले. हरल्याचं दुःख होतं, पण आवाजात खुशी लपत नव्हती. "मनगट काय लागलंय तुझं! मला न्हाई कधी जमलं तसं."

अप्पा मांडीवरची नवी रॅकेट कव्हरवरूनच थोपटत होते. बोलता बोलता त्यांचा अंगठा वरच्या गोलाईवर गेला, आत दबला आणि थबकला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला. चेनला त्यांनी हात लावला नाही.

बोरी आलं. माणसं उतरली, चढली, कंडक्टरनं घंटी दिली. अप्पांचा अंगठा तिथंच होता. सुमंगला समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिली. त्यांच्याकडे बघायची तिची छाती होईना.

मग ते हळूच बोलले.

"चौथ्या फेऱ्याला कट्ट आवाज आला होता. मला वाटलं, आता नीट बसली."