येतो म्हणायचं

बुधवारी सकाळी भालचंद्र दुसाने दोन बोटं उंच होऊन उठला. रेवतीच्या हे लक्षात आलं ते पोळ्या लाटताना. एरवी स्टूल घेतल्याशिवाय ज्याचा हात माळ्यावर पोचत नसे, त्या नवऱ्यानं उभ्या उभ्या वरचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला, तोही दोन्ही हातांनी. मग त्यानं विचारलं, "जेवलीस का?"

लग्न झाल्यापासून हा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. रेवतीला भरून आलं. सकाळची वेळ होती आणि अजून कुणीच जेवलेलं नव्हतं, ही गोष्ट तिनं मनावर घेतली नाही.

आदल्या संध्याकाळी याच प्रश्नावरून दोघांचं वाजलं होतं. रेवती कोरियन मालिकांची वेडी. भाषेतलं ओ की ठो कळत नसे, पण खाली भाषांतराच्या पांढऱ्या ओळी येत, त्या वाचत ती हसे, रडे. भालचंद्रानं शेजारी बसून एक तरी भाग बघावा अशी तिची फार इच्छा. तो म्हणे, बघायचं की वाचायचं ते एकदा ठरव, आणि चष्मा खिशातच ठेवून पेपरमागे डुलक्या काढी. त्या संध्याकाळी पडद्यावरच्या डॉक्टर मिनजेनं नायिकेच्या, हेवॉनच्या गळ्यात मफलर बांधून तिला जेवणाचं विचारलं. रेवती म्हणाली, बघा, माणसं अशी असतात. भालचंद्र दिवसभर दुकानात खिळे-बिजागऱ्या विकून वैतागला होता.

"मग त्यालाच आण इकडं," तो म्हणाला. "मी जातो तिकडं."

बुधवारी दुकानाला निघताना तो उंबऱ्यात थांबला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "जातो."

रेवतीच्या काळजात चर्र झालं. घरातून निघताना असं कुणी बोलतं का? तिनं जिथल्या तिथे दटावलं, "जातो नाही म्हणायचं. येतो म्हणायचं."

"येतो," तो म्हणाला. आणि संध्याकाळी परत आला.

पहिला आठवडा रेवती हवेत होती. नवरा बोटाबोटानं वाढत होता. ढेरी गेली, केस कपाळावर आले. तो खोलीत शिरला की पंखा बंद असूनही पडदे हलत आणि कुठूनतरी पियानो वाजे. सफरचंद सोलताना तो साल कधी तुटू देत नसे. शेजारच्या पाथरे वहिनी म्हणाल्या, भाऊजींना फिरायला जाणं चांगलं मानवलेलं दिसतंय. त्यांना बाकी काहीच वावगं दिसलं नाही, आणि रेवतीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

मग तिला एकेक दिसायला लागलं. तो घोरत नव्हता. त्याच्या सदऱ्याला चुरगळा पडत नव्हता. मीटरच्या पेटीची किल्ली कुठं असते विचारलं, तर त्यानं मान खाली घातली. आपल्या लग्नात कोण रुसलं होतं, असं विचारल्यावर तो खिडकीकडे वळला आणि त्याच्या गालावरून एकच अश्रू ओघळला, उजेडाच्या बाजूच्या. रुसले होते भालचंद्राचे मामा, पंगतीत भजी संपली म्हणून. त्यात रडण्यासारखं काय होतं? तिनं त्या दिवसापासून त्याच्या हातचा चहा प्यायचा सोडला.

इकडे मालिकेत डॉक्टर मिनजे बुटका होत चालला होता. हॉस्पिटलच्या गच्चीवर बसून तो रेवतीच्या स्टीलच्या डब्यातून शेवभाजी खात होता. दाराच्या चौकटीला पाठ घाशीत होता. एका भागात तो वळला आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यानं डोळे किलकिले केले. तो भालचंद्र होता. त्याच्या गळ्यात मफलर होता, आणि तो हेवॉनला बांधू दिला होता त्यानं. रेवतीनं गेल्या थंडीत मफलर विणला होता, तेव्हा मेल्याच्या अंगाला खाज येत होती.

रागही आला आणि रडूही आलं. तिनं टीव्हीला तोंड लावून हाका मारल्या. अहो, मी इथं आहे. भालचंद्रानं कानाला हात लावला, मान हलवली. इकडचा आवाज तिकडे पोचत नव्हता. तिकडे तो बोले ते मात्र मराठीच असे, आणि हेवॉनला ते समजत असे.

तेव्हा रेवतीला सगळं उमजलं. जो जातो म्हणाला तो गेला. हा दुसराही पहिल्याच दिवशी आपणहून जायला निघाला होता. त्याला येतो म्हणायला तिनं शिकवलं. आपल्या तोंडानं त्याची रोजची परत यायची सोय तिनं करून दिली होती.

रविवारी दुपारी शेवटचा भाग लागला. आता गाठलं नाही, तर पडदा काळा होणार आणि नवरा त्याच्या आत राहणार. उंच माणूस तिच्यामागे खुर्चीत सफरचंद सोलत बसला होता. साल त्याच्या गुडघ्यावरून जमिनीवर आली होती आणि दाराकडे चालली होती.

पडद्यावर भालचंद्र हेवॉनच्या उंबऱ्यात उभा होता. पायात त्याच्या स्वतःच्या चपला होत्या, टाच झिजलेल्या. तो घरी निघाला होता, रेवतीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. बाजारातून यायला उशीर झाल्यावर व्हायचा तसा तो चेहरा झाला होता. मग तो हेवॉनकडे वळला आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाला, "येतो गं."

हेवॉन वाकली. म्हणाली, "लवकर या."

रेवती उठून पडद्यासमोर उभी राहिली. येतो म्हणून निघालेला माणूस तिथंच परत जाणार. त्यानं जातो म्हणायला हवं होतं, अजूनही उंबरा ओलांडला नव्हता. पण नवऱ्याला, जातो म्हणा, असं कसं सांगायचं? कुठली बाई सांगेल? तिनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

तेवढ्यात तिच्या पोटाशी काहीतरी गार लागलं. तिच्या साडीवर, कमरेच्या किंचित खाली, पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली होती. तिनं वाकून बघितलं, पण वरून अक्षरं उलटी दिसत होती. तिच्या मनात होतं तेच ते होतं की दुसरंच काही, तिला लागेना. मागे सुरी थांबली. साल तुटली.

पडद्यावर भालचंद्रानं उचललेला पाय खाली ठेवला. तो काचेच्या अगदी जवळ आला. त्यानं खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, नाकावर ठेवला आणि तिच्या साडीवरच्या ओळीखालून बोट फिरवत एकेक अक्षर लावायला सुरुवात केली.