लेखकाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. हात दोन, पाय पावणेचार. लाकडाला लाज नसते असं लोक म्हणतात. असं म्हणणारा माणूस लाकूड कधी झालेला नसणार.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. आम्ही सहा बहिणी एका जेवणाच्या टेबलासाठी घडत होतो. माझा चौथा पाय कापताना सुताराला शिंक आली. बाकी काही नाही, नुसती शिंक. पण पाय आखूड झाला तो झालाच.

"हिला कुणाच्या घरी देऊ नका," सुताराची बायको म्हणाली. "जेवणारा ताटात पडेल."

पाच बहिणी चांगल्या घरी पडल्या आणि मी विद्यापीठात गेले. माणसं उच्च शिक्षणाकडे कशी वळतात, याबद्दल मी यापेक्षा जास्त बोलत नाही.

विद्यापीठात साहित्याचा अनुवाद शिकवणारा एम.ए.चा वर्ग होता. तिथल्या मॅडमनी मला टेबलाच्या टोकाला ठेवलं, आखूड पायाखाली कागदाची जाड घडी सारली आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, "ही लेखकाची खुर्ची. हिच्यावर कुणी बसायचं नाही. मूळ लेखक इथे बसून ऐकतोय असं समजून आपला अनुवाद वाचायचा. जे वाक्य त्याच्या तोंडावर वाचायची लाज वाटेल, ते खोडायचं."

झालं! मी एका दिवसात हरभऱ्याच्या झाडावर चढले. पोरं माझ्यासमोर उभी राहून घाम पुसत. कुणी विशेषण गाळलं तर माझी माफी मागत. चहा आला की एक कप माझ्यासमोर ठेवत, आणि तो गार झाला की तळटीप नावाचा मुलगा 'लेखकाने नको म्हटलं' असं सांगून पिऊन टाकत असे. त्याला विचारलं नाही तरी तो प्रत्येक गोष्टीचा खुलासा करायचा, म्हणून तळटीप. आणि बोलताना जिथे तिथे थांबायची ती स्वल्पविराम. मीही हळूहळू लेखकासारखी वागू लागले. म्हणजे काहीच करत नसे, पण गंभीरपणे.

स्वल्पविरामने प्रबंधासाठी एका दूरदेशीच्या बाईंची कादंबरी अनुवादाला घेतली होती. त्यात एक पोरकी मुलगी पिशवी घेऊन मावशीच्या दारात उभी राहते. मावशी दार उघडते आणि एकच वाक्य बोलते. त्या वाक्यापाशी गाडी अडली. त्या भाषेत 'आपलं' आणि 'आमचं' या दोहोंना मिळून एकच शब्द.

"हे आपलं घर आहे," स्वल्पविरामने वाचलं. मग थांबली. "की, हे आमचं घर आहे?"

"आपलंच," तळटीप म्हणाला. "माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ना!"

"अरे, पण पुढे ती दारातून, बाजूला झाली, असं कुठेच लिहिलेलं नाही. 'आपलं' म्हणजे, ये आत. 'आमचं' म्हणजे, राहा तिथेच. एका शब्दात, मुलगी घरात की बाहेर, ते ठरतं."

त्या दिवशी साफसफाईत माझ्या पायाखालची घडी केरात गेली होती. वर पंखा जोरात होता. स्वल्पविराम पुन्हा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "हे आपलं घर आहे," आणि मी डुगडुगले. कर्रर्र!

"लेखक नाही म्हणतोय," तळटीप म्हणाला.

"गप रे!" ती हसली. पण हसून झाल्यावर तिने हळूच दुसरं वाक्य वाचलं. "हे आमचं घर आहे." तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. मी गप्प.

"बघ. पसंत!"

त्याने चेष्टाच केली होती. पण तिने 'आपलं' खोडलं. आणि मित्रांनो, मला काय वाटलं असेल? अभिमान! पाय पावणेचार आणि तोरा सहा पायांचा.

प्रबंध सादर करायच्या आठवड्यात त्या लेखिकाबाई स्वतः वर्गात आल्या. पांढरे केस, हातात काठी. मॅडम दुभाष्या झाल्या. स्वल्पविरामने ते पान वाचलं आणि 'आमचं'पाशी नेहमीप्रमाणे थांबली.

"इथे का थांबलीस?" बाईंनी विचारलं.

तिने दोन शब्दांतला फरक सांगितला. एकात ऐकणारा आत, दुसऱ्यात बाहेर.

"मग तू कुठला घेतलास?"

"बाहेरचा."

"का?"

स्वल्पविरामचे कान लाल झाले. शैली, सूचकता, निवेदकाची भूमिका, असलं काहीही सांगून ती सुटली असती. तिने मान खाली घातली. "खुर्ची, करकरली, म्हणून."

तळटीपने आयुष्यात पहिल्यांदा काहीही खुलासा केला नाही. मॅडमचा चेहरा पडला, पण त्यांनी ते वाक्य मूळ अर्थाला धक्का न लावता अनुवादित केलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती मुलगी मी होते. मावशी नेमकं काय म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या भाषेत ते विचारताच येत नाही. मी तिथे खूप वर्षं राहिले, पण पिशवी कधी पूर्ण रिकामी केली नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. या वेळी घडीचा दोष नव्हता. एका शिंकेच्या जोरावर मी त्या पोरीला दाराबाहेर काढलं होतं!

बाई उठून माझ्याकडे आल्या आणि माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत खरा लेखक पहिल्यांदाच बसत होता. मी श्वास रोखला. कडाड! आखूड पाय निखळला. बाई कलंडल्या, पण स्वल्पविरामने धावत जाऊन त्यांना सावरलं आणि आपली खुर्ची ओढून दिली.

"या, इथे बसा. ही आपलीच जागा आहे."

बाईंनी मान वर केली. नुकताच कानावर पडलेला शब्द त्यांनी बरोबर पकडला. "आपली?"

"आपली," स्वल्पविराम म्हणाली. न थांबता.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि ऐसपैस बसल्या.

"आता प्रबंधात काय ठेवणार?" मॅडमनी नंतर विचारलं.

"ठरलं नाही, मॅडम. पण आता, मीच ठरवणार."

सध्या मी जिन्याखाली असते, भिंतीकडे तोंड करून. तसं ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, 'आपलं' आणि 'आमचं' हे दोन वेगळे शब्द तुम्हाला फुकट मिळाले आहेत, ते जपून वापरा. दारात कुणी पिशवी घेऊन उभं असेल तर जरा जास्तच जपून. येता-जाता माझी धूळ पुसा, जमलं तर पायाला एक खिळा मारा. सल्ला मात्र विचारू नका. आणि मी करकरलेच, तर आधी वर पंखा चालू आहे का ते बघा.