माझ्या पोटातला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, पाक गोंडो, म्हणजे गोंडोकाका, यांच्या पडवीत माझे टेबल आहे. को आचुनच्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले तेव्हा वाटले होते, आता एक घर माझ्या हक्काचे होणार. पण त्या घरात पाऊल टाकण्याआधीच माझ्या पोटात एक पाहुणा बसवला गेला.

त्याची हकिकत अशी. पाक गोंडो मुलांना गामेलान, म्हणजे धातूच्या पट्ट्या-घंटांचा जावानी वाद्यमेळ, वाजवायला शिकवतात. त्यांची पहिली बायको सुलास्मी, त्यांची लस्मी, हिने त्यांच्या तीनशेवर रचना एका संगणकावर आकड्यांच्या लिपीत उतरवून ठेवल्या होत्या. ती वारली आणि पुढे तो संगणकही बंद पडला. त्या रचना ज्या प्रोग्रॅममध्ये होत्या, तो नव्या यंत्रावर चालेना. तेव्हा को आचुनने तो सबंध संगणकच एका भल्यामोठ्या फाईलमध्ये उतरवून माझ्यात ठेवला. याला आभासी संगणक म्हणतात. त्याची खिडकी उघडली की सुलास्मीने पडद्यावर लावलेली चाफ्याची फुले तशीच दिसत. मला मात्र ती फाईल म्हणजे कुलूपबंद पेटी. आत काय चालते ते कळत नसे, ओझे तेवढे कळे.

माझी अर्धी मेमरी तो खाई. माझा पंखा घरघरू लागला की पाक म्हणत, हे नवे यंत्र काही खरे नाही, लस्मीचा बघा, म्हातारा असून कसा चालतो. मित्रांनो, तो माझ्याच पायांवर चालत होता. मी आतल्या आत जळत असे.

घरात आणखी एक जीव जळत होता. ती पाकची दुसरी बायको, पार्तिना. पाकची नजर अधू झाल्यापासून पाहुण्याची प्रत काढून बाहेरच्या डिस्कमध्ये ठेवायचे काम तिच्याकडे आले होते. दर शुक्रवारी पाक चहा पिताना विचारत, लस्मीची प्रत काढलीस का? पार्तिनाच्या गाण्याची ध्वनिमुद्रणे, तिच्या लग्नाचे फोटोही माझ्यातच होते. त्यांच्या प्रतीबद्दल कधी कोणी विचारले नाही.

को आचुनने तिला नीट शिकवले होते. "बू पार्तिना, धावत्या माणसाचा फोटो हलतो. आधी त्याला रीतसर बंद करा, मग त्याचं सगळं फोल्डर उचला. आणि अधूनमधून प्रत दुकानात आणा, उघडते का बघू. जुन्या प्रती मात्र पुसू नका."

ती हे सगळे मन लावून करी. एकदा तिने एक रचना टिपून घेतली आणि गाँगची, म्हणजे आवर्तन संपवणाऱ्या मोठ्या घंटेची, खूण एक घर पुढे पडली. पाक शिष्यांसमोर हसून म्हणाले, "लस्मीचा गाँग कधी चुकला नाही."

 पार्तिना तळलेल्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, ताटली ठेवून आत गेली. त्या शुक्रवारी तिने पाहुण्याला बंद न करताच प्रत काढली. फाईल वापरात आहे अशी सूचना मी दाखवली, तिने ती बाजूला सारली. खरे सांगतो, मला बरे वाटले. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही. प्रत दुकानात नेणेही तिने सोडले. असे सात आठवडे गेले.

मग माझीच डिस्क टकटकू लागली. गावच्या सणाला चार दिवस उरले असताना पाहुणा उघडेना. को आचुन धावत आला. त्याने ताजी प्रत उघडून पाहिली, ती मोडकी. तिच्या आधीचीही मोडकी. पाक खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून बसले होते, ती बोटे थांबली.

"मी त्याला बंद न करता प्रती काढल्या," पार्तिना म्हणाली. "मुद्दाम."

को आचुन खाली मान घालून एकेक मागची प्रत उघडत राहिला. सात आठवड्यांपूर्वीची उघडली. चाफ्याची फुले दिसली. सुलास्मीने उतरवलेल्या सगळ्या रचना शाबूत होत्या. पार्तिनाने पदराने तोंड पुसले.

पाकनी पडद्याला नाक लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "एकच गेली. नवी होती, गेल्या महिन्यात मीच कशीबशी टिपली होती."

"कोणती?"

"तुझ्या नावाची. सणाला तूच गायची होतीस."

  पाहुण्याच्या पोटात तिच्यासाठी काहीतरी वाढत होते आणि आम्ही दोघे त्याच्यावरच जळत होतो.

पाकनी तिला जवळ बसवले आणि आठवेल तसे आकडे सांगू लागले. ती लिहीत गेली, पाहुण्यात नव्हे, थेट माझ्यात. दोन ओळी त्यांना काही केल्या आठवल्या नाहीत. सणाच्या दिवशी तिथे पार्तिना थांबली, नुसती वाद्ये वाजली, आणि मग तिने पुढचे गाणे उचलले.

माझी डिस्क आता बदलली आहे; पार्तिनाची गाणी आणि फोटो को आचुनने जुनीवरून वेळीच उतरवून घेतले. पाहुण्याचा हेवा मला अजूनही वाटतो, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, प्रत काढाल तेव्हा आधी यंत्र नीट बंद करा, आणि काढलेली प्रत उघडून पाहा. ज्याच्यावर तुमचा राग आहे, त्याची तर दोनदा पाहा. त्यात तुमचे काय ठेवलेले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते.